अभ्यासिकावाल्या दादा-तायांनो, त्या खोलीची एक खिडकी उघडा

आपल्या तालुक्यात एसी अभ्यासिका चालवणाऱ्या सगळ्या दादांना अन् तायांना नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातला, आपल्याच तालुक्यातला कूलर-फ्रिज-एसी रिपेरिंगवाला. आयटीआय करून २५ वर्षं होऊन गेली. फेब्रुवारी संपला की कूलरच्या ताट्या बदलण्यापासून माझा सीझन सुरू होतो तो मृग लागेपर्यंत जेवायला फुरसत नसते. तुमच्यातल्या तिघा-चौघांचे एसी मीच बसवले आहेत, त्यामुळे तुम्ही मला ओळखता अन् मी तुम्हाला ओळखतो. हे पत्र कोणा एकाच्या विरोधात नाही म्हणून कोणाच्या अभ्यासिकेचं नाव घेत नाही, कारण जे सांगतोय ते थोडंफार सगळीकडेच आहे.

माझी पोरगी दोन वर्षांपासून एमपीएससीच्या कम्बाइन (संयुक्त) परीक्षेची तयारी करते. गावात लाईनीचा भरवसा नाही, दुपारी टिनाखाली बसवत नाही, म्हणून तालुक्याला एसी अभ्यासिकेत सीट घेऊन दिली. साध्या हॉलचे महिन्याला ४०० अन् एसीचे ८००, म्हटलं जाऊ दे, कपाशीत काही उरो ना उरो, पोरीच्या अभ्यासात कमी नको. सकाळी ९ ला स्कूटीनं निघते, १४ किलोमीटर, तोंडाला स्कार्फ, डोळ्याला गॉगल, हातात ते लांब मोजे, पोचेपर्यंत अंग घामानं ओलं, अन् तशीच आत जाऊन बसते. दुपारी डबा खायला बाहेर, पुन्हा आत, संध्याकाळी ७ ला परत. असा तिचा एप्रिल-मे.

मागच्या उन्हाळ्यात तिला तीनदा सर्दी झाली. अन् साधी नाही, पहिले घसा खवखवणार, मग नाक गळणार, मग चोंदणार, डोकं जड, अंग दुखणार, आठ-आठ दिवस. एक बरी झाली की पंधरा दिवसांत दुसरी. थंडीत तिला शिंकही येत नाही अन् ४५ डिग्रीच्या मे महिन्यात आमच्या घरी वाफेचं गंज गॅसवरून उतरत नाही. माझी माय म्हणे, "उनातून आली अन् थंड पानी पेली, म्हून झाली." बायको आइस्क्रीमला दोष देई. शेजारचे म्हणत, "एसीची सवय नाही तुमच्या पोरीले, होईन सवय." मेडिकलवाल्यानं तर नाक बघून अँटिबायोटिकच्या गोळ्याच काढून दिल्या, पाच दिवसांच्या, पैसे गेले अन् सर्दी आपल्या वेळेनंच गेली. परीक्षेच्या रविवारी पोरगी नाक चोंदलेलं घेऊन पेपरला बसली. पेपर सर्दीमुळंच गेला असं मी म्हणत नाही, पण तासभर तिला तोंडानं श्वास घेत गणितं सोडवावी लागली हे मला अजून लागून राहिलं आहे.

मी तिला विचारलं, तुझ्या एकटीचंच असं आहे का? तर म्हणे, "नाही बाबा, आमच्या हॉलमध्ये एप्रिलपासून कोणी ना कोणी शिंकतच असते, एका लाईनीतून सुरू होते अन् आठ दिवसांत इकडच्या भिंतीपर्यंत येते." हे ऐकलं अन् माझ्या पोटात धस्स झालं, कारण तो हॉल मला माहीत होता. तिथले दोन्ही एसी मी बसवले आहेत. मालकानं सांगितलं होतं, "भाऊ, थंडावा बाहेर जाते, खिडकीच्या फटी बंद करून द्या," अन् मी सिलिकॉनची ट्यूब घेऊन तीनही खिडक्यांच्या फटी स्वतःच्या हातानं बुजवल्या होत्या. वरची झरोक्याची जागा होती तिथं थर्माकोल ठोकला तोही मीच. काम चांगलं झालं म्हणून मालक खुश होते.

तेव्हा आता या धंद्यातला माणूस म्हणून जे मला आधीच सांगायला पाहिजे होतं ते सांगतो.

खूप लोकांना वाटतं की बाहेरचं युनिट बाहेरची हवा ओढतं अन् थंड करून आत सोडतं. तसं नाही. आतल्या अन् बाहेरच्या युनिटच्या मध्ये तांब्याच्या दोन नळ्या असतात, त्यात गॅस फिरतो, हवा नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो अन् तीच परत फेकतो, दिवसभर तीच. म्हणजे सकाळी ९ ला जी हवा कोंडली तीच ४० पोट्टे आळीपाळीनं संध्याकाळपर्यंत घेतात, दरवाजा उघडला की जी काय थोडी नवी येईल तेवढीच. कूलरचं बरोबर उलटं आहे, कूलर बाहेरची हवा ओल्या ताटीतून ओढून आत ढकलतो अन् समोरची खिडकी उघडी नसली तर तो कामच करत नाही, दमट होतं. आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे कोणी शिकवलं नव्हतं, पण कूलर लावला की समोरचं दार किलकिलं ठेवायचं हे घराघरात माहीत होतं. एसी आला अन् ते किलकिलं दार आपण बंद केलं.

पुरावा पाहिजे असेल तर तुमच्या एसीच्या पाइपाखालची बादली बघा. मे महिन्यात आपल्याकडची हवा किती कोरडी असते हे तुम्हाला सांगायला नको, ओली चादर अर्ध्या तासात कडक होते, ओठ फुटतात. मग बाहेर असा कोरडा उन्हाळा, हॉलमध्ये पाण्याचा नळ नाही, तरी त्या पाइपातून दिवसभर पाणी टपकतं अन् संध्याकाळी बादली भरते, ते येतं कुठून? गॅसमधून येत नाही, बरेच जण तसं समजतात. खोलीच्या हवेतली वाफ थंड कॉइलवर बसते अन् पाणी होऊन ट्रेमधून बाहेर पडते. अन् बंद खोलीत वाफ कोणाची, तर आत बसलेल्या लेकरांच्या श्वासाची अन् घामाची. पावसाळ्यात गोष्ट वेगळी, तेव्हा बाहेरची हवाच ओली असते, पण मे महिन्यातल्या त्या बादलीत बहुतेक पाणी त्या ४० जणांचंच आहे. मी २५ वर्षं ही बादली ओततोय अन् मला हे मागच्या वर्षीच नीट कळलं. तेव्हापासून ते पाणी बघितलं की एवढंच मनात येतं की त्या खोलीत एकाचा श्वास दुसऱ्याच्या नाकात किती वेळा जात असेल.

एक सोपी टेस्ट आहे, पैसे लागत नाहीत. हॉल रिकामा असताना एसी चालू करा, दारं-खिडक्या बंद, एक उदबत्ती लावून पाच मिनिटांनी विझवा अन् बाहेर निघा. तासाभरानं आत या. वास जशाचा तसा असेल तर समजा की तुमच्या खोलीत नवी हवा येत नाही. एखाद्या पोराची शिंकही त्या खोलीत तशीच राहते.

आता सर्दीचं. आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोरीला तपासून नीट समजावून सांगितलं. सर्दी विषाणूनं होते, अन् असे सर्दी करणारे विषाणू २०० च्या वर आहेत, त्यातले काही उन्हाळ्यातही जोरात असतात. एकाची सर्दी झाली म्हणून दुसऱ्यापासून सुटका नाही, म्हणून लागोपाठ होते. विषाणू अंगात गेल्यावर एक ते तीन दिवसांत लक्षणं दिसतात अन् सात ते दहा दिवस चालते. अँटिबायोटिक विषाणूला काहीच करत नाही, ते जिवाणूंचं औषध आहे. आराम, पाणी, वाफ घेतली तर बरं वाटतं, ताप वाढला, छाती भरली, दहा दिवसांवर गेलं तर दाखवायला या. बस एवढंच.

मी विचारलं, मग एसीनं सर्दी होते हे खोटं का? डॉक्टर म्हणाले, "नुसत्या थंडीनं सर्दी होत नाही, पण थंडी तिला दार उघडून देऊ शकते." घरी आल्यावर पोरीनं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. इंग्लंडमध्ये सॅलिसबरी गावी १९४६ पासून नुसत्या सर्दीवर संशोधन करणारी संस्था होती, तिथं लोकांना आंघोळ घालून ओल्या अंगानं वाऱ्यात उभं केलं, तरी विषाणू नसला तर नुसत्या गारठ्यानं सर्दी झाली नाही. मग २००५ मध्ये कार्डिफच्या विद्यापीठात १८० लोक घेतले, ९० जणांचे पाय २० मिनिटं गार पाण्यात ठेवले अन् ९० जणांचे नाही. पुढच्या चार-पाच दिवसांत पाय गार केलेल्यांतल्या १३ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं अन् बाकीच्यांतल्या ५ जणांनी. त्यांचं म्हणणं असं की अंग गार पडलं की नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात अन् नाकात आधीच दबा धरून बसलेल्या विषाणूला फावतं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अकिको इवासाकी यांच्या टीमनं उंदरांच्या श्वासनलिकेच्या पेशींवर बघितलं की सर्दीचा एक मुख्य विषाणू ३७ डिग्रीपेक्षा ३३ डिग्रीला जास्त वाढतो, कारण तेवढ्या गारव्यात पेशींचा बचाव कमी पडतो. म्हणजे माझी माय एकदम चुकीची नव्हती अन् डॉक्टरही बरोबर होते. विषाणू बाजूच्या पोराकडून येतो, तो कोंडलेल्या हवेत फिरत राहतो, अन् १८ डिग्रीच्या झोतात बसलेलं नाक त्याला अडवायला कमी पडतं. तीनही गोष्टी एकाच हॉलमध्ये आपण जमवून आणल्या आहेत.

अजून एक प्रकार आहे जो आपण सर्दीतच मोजतो. काही पोट्टे उनातून आत आले की दहा मिनिटांत सटासट शिंकतात, नाकातून पाणी गळतं, अन् अर्ध्या तासात थांबतं. ताप नाही, घसा नाही. ते विषाणूनं नाही, ४५ मधून एकदम १८-२० मध्ये आल्यामुळं नाकच तसं वागतं. कोणाला धुळीची अन् बुरशीची ॲलर्जी असते. ती धूळ अन् बुरशी कुठं असते हे मी सांगू शकतो, कारण मी ब्लोअर, म्हणजे एसीच्या आतला पंखा, उघडतो. मागच्या महिन्यात एका ठिकाणी उघडला, जिनिंगच्या बाजूचा हॉल आहे, जाळीवर कापसाची अशी गादी बसली होती की हातानं पापुद्रा निघाला, अन् ब्लोअरच्या पात्यांवर काळा थर, चिकट. ट्रेमध्ये शेवाळ. मालकाला दाखवलं तर ते म्हणाले, कूलिंग तर होते ना भाऊ, सीझन संपल्यावर करू. सीझन संपल्यावर करून त्या पोरांना काय फायदा?

अन् चीनमधल्या ग्वांगझूची गोष्ट तर तुम्ही सगळ्यांनी वाचावी. २४ जानेवारी २०२० ला तिथल्या एका हॉटेलात तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवायला बसली होती, एकमेकांना ओळखतही नव्हती. एकाला कोरोना होता. खोलीला खिडकी नाही, एसी चालू, बाहेरची हवा आत येत नाही. एसीच्या झोताच्या रांगेत जी टेबलं होती तिथल्या तीन कुटुंबांतले मिळून १० जण आजारी पडले. बाकी हॉलमध्ये लोक होते, वाढणारे होते, त्यांना झाला नाही. कोरोना वेगळा अन् सर्दी वेगळी हे मला कळतं, पण झोत तसाच आहे अन् खोली तशीच बंद आहे. माझ्या पोरीनं सांगितलं होतं ना, सर्दी लाईनीनं सरकते.

तुम्हाला अजून एक गोष्ट सांगतो जी तुमच्या धंद्याच्या पण कामाची आहे. पोट्टे म्हणतात दुपारी ३ नंतर एसी हॉलमध्ये डुलक्या येतात, डोकं दुखतं, चहाला बाहेर आलं की बरं वाटतं. आपण म्हणतो जेवण जास्त झालं. जेवणाचंही असेल, पण बंद खोलीत श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो. बाहेरच्या हवेत तो १० लाखात ४२० भागाच्या आसपास असतो, भरलेल्या बंद वर्गात तो १५०० ते २००० च्या वर सहज जातो. हार्वर्डच्या जोसेफ ॲलन यांच्या टीमनं ऑफिसात काम करणाऱ्यांना वेगवेगळ्या हवेत बसवून परीक्षा घेतल्या होत्या, नवी हवा जास्त असलेल्या दिवशी त्याच लोकांचे मार्क बरेच जास्त आले. आपली पोरं दीड-दोन मार्कांनी मागं राहतात हो. ८०० रुपये ज्या अभ्यासासाठी देतात तोच अभ्यास त्या हवेत मंद होत असेल तर ती एसी सीट कशाची?

आता कोणी म्हणेल, मेकॅनिक असून एसीच्या विरोधात बोलतो. नाही बाप्पा. विदर्भाच्या उन्हाळ्यात एसी-कूलर चैन नाही. नागपूरला २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ पर्यंत पारा गेला होता, उष्माघातानं माणसं मरतात, टिनाच्या खोलीत दुपारी अभ्यास होऊच शकत नाही. आपली जुनी घरं मातीच्या जाड भिंतींची अन् कवेलूची होती, सेवाग्रामला बापू कुटीत मे महिन्यात जाऊन बसा, गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला, ऐन उन्हाळ्यात, त्या गावी राहायला आले होते. तिथल्या भिंती अन् छपरातून हवा खेळते अन् तरी बसवतं. तुमचे हॉल दुकानांच्या वरच्या गाळ्यात आहेत, वर स्लॅब नाहीतर टिन, पश्चिमेची भिंत तापलेली, तिथं एसी लागणारच. फक्त तो १८ वर अन् बंद डब्यात नको.

म्हणून माझं मागणं काय ते सांगतो.

सगळ्यात आधी नवी हवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं की अशा जागी माणशी सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा पाहिजे. ४० पोट्टे म्हणजे तासाला १४४० घनमीटर. एक्झॉस्ट पंख्याच्या डब्यावर तो तासाला किती हवा फेकतो ते छापलेलं असतं, ते बघून घ्या. पण नुसता एक्झॉस्ट लावला तर ४५ डिग्रीची लू आत येईल अन् तुमचे दोन टन एसी हात टेकतील हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून मी म्हणतो की ही नवी हवा कूलरमधून आत घ्या. एप्रिल-मे मध्ये हवा कोरडी असते तेव्हा चांगल्या ताटीचा डक्ट कूलर बाहेरची ४४ ची हवा २६-२८ पर्यंत आणून देतो. तो बाहेर बाल्कनीत ठेवायचा, डक्टनं हवा वरून सोडायची म्हणजे पानं उडत नाहीत अन् आवाज येत नाही (तुम्ही कूलर काढून एसी लावला तो याच दोन कारणांनी, मला आठवते), अन् समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट. मग एसी फक्त दुपारी १ ते ५ लागेल, तोही जरासाच, कारण कूलरची हवा ओलावाही आणते. मृगानंतर कूलर बंद करा, तो दमट करतो, पण तेव्हा बाहेरची हवाच ३०-३२ ची असते, एसी चालू ठेवून दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवल्या तर बिलात फार फरक पडत नाही. कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकी घासा, नाहीतर सर्दी गेली अन् डेंग्यूचे डास आले असं होईल.

ज्यांना या सीझनला कूलरचा खर्च जमत नाही त्यांनी निदान सकाळी ६ ते ९ सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवाव्या, अन् मग दर तासाला दहा मिनिटं एसी चालूच ठेवून दोन खिडक्या अन् दार उघडावं. पोट्ट्यांना तेवढ्यात उठून पाय मोकळे करू द्या. गरम होईल, दहा मिनिटांनी परत थंड होईल.

दुसरं, रिमोट. २६ वर ठेवा अन् छताचा पंखा बारीक चालू ठेवा, २६ अन् पंखा मिळून जे वाटतं ते नुसत्या २३ सारखंच वाटतं. एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते असं सरकारची ऊर्जा दक्षता ब्युरो सांगते, १ जानेवारी २०२० पासून नवीन स्टार एसी सुरू केला की आपोआप २४ वरच येतो तो याचसाठी. २०२५ च्या जूनमध्ये तर केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी एसी २० च्या खाली जाणारच नाही असा नियम आणायचं जाहीर केलं होतं. तुमच्या हॉलमध्ये रिमोट काउंटरवर असतो अन् जो पोट्टा आत्ताच उनातून आला तो म्हणतो १८ करा, त्याला पाच मिनिटं बरं वाटतं अन् बाकीचे ३९ जण स्वेटर आणतात. मे महिन्यात वर्ध्यात पोरी स्वेटर घालून अभ्यास करताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यापेक्षा दाराबाहेर पॅसेजमध्ये एक बाक, एक पंखा अन् एक माठ ठेवा, उनातून आलेल्यानं तिथं दहा-पंधरा मिनिटं बसावं, घाम सुकू द्यावा, पाणी प्यावं, मग आत. झोताची पाती वर करा, कोणाच्या डोक्यावर झोत नको. झोताखालची सीट रिकामी ठेवता येत नसेल तर निदान पंधरा-पंधरा दिवसांनी पोट्टे बदला, वर्षभर एकच लेकरू तिथं नको.

जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. त्याला मी लागत नाही, समोरचं कव्हर वर उचला, जाळी खाली ओढा, नळाखाली धुवा, सावलीत वाळवा, लावा. दहा मिनिटांचं काम. ब्लोअर अन् ट्रेची धुलाई सीझनच्या आधी एकदा अन् मध्ये एकदा करून घ्या, माझ्याकडून करा नाहीतर कोणाकडूनही करा.

अन् शेवटची गोष्ट माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची आहे, त्याला एक रुपयाही मशीनवर खर्च नाही. सर्दी झालेला पोट्टा घरी का थांबत नाही माहीत आहे? कारण त्यानं महिन्याचे ८०० दिलेले असतात. रोजचे सव्वीस-सत्तावीस रुपये. चार दिवस घरी राहिला तर शंभर रुपये गेले, तेही त्याच्या बापाच्या मजुरीतले. म्हणून तो तापात, नाक गळत, रुमाल धरून येतो अन् तुमच्याच हॉलमध्ये बाकीच्या ३९ जणांना देतो. तुम्ही एवढंच करा की आजारी पोट्ट्याचे ते चार-पाच दिवस पुढच्या महिन्यात लावून द्या. रजिस्टरमध्ये एक ओळ लिहायची, बस. अन् सीट जाणार नाही हे त्याला सांगा, कारण दुसरी भीती तीच असते की चार दिवस गेलो नाही तर सीट दुसऱ्याला देतील. ज्याला यावंच लागतं त्याला मास्क द्या अन् एक्झॉस्टच्या बाजूला बसवा. बेसिनवर साबण ठेवा, कित्येक अभ्यासिकांत बेसिन आहे अन् साबण नाही. सर्दीचा विषाणू हातावरून नाकात जातो, दाराचं हँडल सगळेच धरतात.

मुलींचं वेगळं सांगायला पाहिजे. त्या सर्दी झाली तरी सांगत नाहीत, कारण घरी सांगितलं तर घरचे म्हणतात बंद कर अभ्यासिका, घरीच बस. माझ्याही घरी हे बोलणं झालं होतं, खोटं कशाला बोलू. बायको म्हणाली, "दोन वर्षं झाले, तब्येत खराब करून घेतली पोरीनं, आता राहू द्या." त्या दिवशी पोरगी काही बोलली नाही, आतल्या खोलीत जाऊन पुस्तक उघडून बसली, अन् मी बाहेर बाजेवर बसून त्या सिलिकॉनच्या ट्यूबचा विचार करत राहिलो. एका आजारानं एखाद्या पोरीचं शिक्षण थांबू शकतं आपल्याकडे, त्याला फार मोठा आजार लागत नाही.

यंदा मार्चमध्ये मी त्या हॉलच्या मालकाला भेटून सगळं सांगितलं. ते चांगले आहेत, ऐकून घेतलं, पण म्हणाले, "भाऊ, मी एकट्यानं २६ वर ठेवला तर पोट्टे बाजूच्या अभ्यासिकेत जातात, तिथं १८ वर असते." त्यांचं चुकीचं नाही. म्हणूनच मी एकाला न लिहिता सगळ्यांना लिहितोय. तुम्ही सगळ्यांनी मिळून एकदा बसा, एका चहाचं काम आहे, अन् ठरवा की आपल्या तालुक्यातल्या सगळ्या अभ्यासिकांत २६ अन् पंखा, सगळ्यांच्या खिडक्या उघडणाऱ्या, सगळ्यांकडे आजारी दिवस पुढे लागणार. मग कोणी कोणाचे पोट्टे ओढायचा प्रश्नच राहत नाही.

माझ्याकडून एवढं करतो. रविवारी दुपारी बऱ्याच अभ्यासिका अर्ध्या रिकाम्या असतात. ज्यांना वाटेल त्यांनी निरोप द्या, मी येऊन हॉल बघतो, किती पोट्टे, किती फूट, कुठून हवा घ्यायची अन् कुठून काढायची ते कागदावर काढून देतो, याचे पैसे घेणार नाही. जाळी कशी धुवायची ते तुमच्या काउंटरवरच्या पोराला दाखवून देतो. अन् ज्या हॉलच्या खिडक्या मी बुजवल्या आहेत तिथं पहिले जाणार आहे, पुढच्या रविवारी सकाळी, मालकांशी बोलणं झालं आहे. सिलिकॉन खरडायला पत्ती लागते, ती माझ्याकडे आहे.

तुमचाच,
कूलर-एसीवाला भाऊ